साडेनऊ हजार की बावीसशे?

वाचक विचारतात: या वेळी चष्मा

दोन महिन्यांत चष्म्यावरच इतकी पत्रं साठली की संपादकबाई म्हणाल्या, या वेळी दुसरं काही घेऊ नका, तुम्ही तीस वर्षं म्हापशाला चष्म्याच्या दुकानात काचा घासल्यात ना, मग होऊन जाऊ दे. आधीच सांगतो, दुकानांची नावं मी देणार नाही. एकाच दुकानात सकाळचा माणूस मन लावून तपासतो नि संध्याकाळचा घड्याळाकडे बघत तपासतो, नाव सांगून उपयोग काय.

प्रश्न: नमस्कार काका, मी फोंड्याला असते, हायस्कूलला शिकवते, वय ४४. लांबचा नंबर आधीपासून आहे, दोन्ही डोळ्यांना उणे दीड. हल्ली वह्या तपासताना चष्मा कपाळावर ढकलावा लागतो म्हणून गणेश चवथीच्या आधी नवा करून घ्यावा म्हटलं. पणजीला एका मोठ्या एसी दुकानात गेले तर तिथल्या मुलीने प्रोग्रेसिव्ह (लांबचं ते जवळचं, रेषेशिवाय एकाच काचेत), पातळ काच, ब्लू कट असं काय काय घालून साडेनऊ हजार सांगितले. घराजवळचे जुने दुकानदार म्हणतात बायफोकल (वर लांबचा नंबर, खाली जवळचा) फ्रेमसकट बावीसशेत देतो. मिस्टर म्हणतात ऑनलाइन मागव, दोन हजारात दोन येतात. सासऱ्यांचाही करायचाय, ते ७१ वर्षांचे, डायबिटीस आहे. स्वस्तात चांगलं दुकान कुठलं ते सांगाल का, आणि त्या साडेनऊ हजारात नेमकं असतं तरी काय?

उत्तर: ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, तो सुटला की पहिला आपोआप सुटेल.

चष्म्याच्या पैशात फ्रेम असते, काच असते (हल्ली सगळं प्लास्टिकच, पण आपण काचच म्हणतो) आणि एक तिसरी गोष्ट असते जी बिलावर कुठेच लिहिलेली नसते, ती म्हणजे तपासणाऱ्याने नि बसवणाऱ्याने तुमच्यावर घातलेला वेळ. तुमच्या पत्रात दोन्ही दुकानांचे भाव आहेत, पण कुणी किती वेळ तपासलं त्यावर एक ओळ नाही. आणि नव्या चष्म्याने डोकं दुखतं ना, ते बहुतेक वेळा त्या तिसऱ्या गोष्टीपायी.

फ्रेमवर दुकानदार सगळ्यात जास्त कमावतो. दुकानात असताना हे तोंडातून काढायची सोय नव्हती, आता काढतो. फॅशनची मोठमोठी नावं छापलेल्या कित्येक फ्रेमा एकाच इटालियन कंपनीकडून येतात, लक्झोटिका तिचं नाव, रे-बॅन १९९९ पासून तिच्याच मालकीचं, आणि २०१८ मध्ये ती काचा बनवणाऱ्या एसिलॉर या फ्रेंच कंपनीशी एक झाली. म्हणजे दांडीवरचं नाव बदललं की भाव बदलतो, नाकावर बसणारी वस्तू तीच. फ्रेम चांगली आहे का ते नावावरून नाही कळत, बिजागरी दहा वेळा उघडबंद करून बघा, टेबलावर उलटी ठेवून डुगडुगते का बघा, आणि खाली वाकून मान हलवा, घसरली तर नको.

आता काच. काचेला इंडेक्स म्हणून एक आकडा असतो, १.५०, १.५६, १.६०, १.६७, १.७४ असा चढत जातो, आकडा जितका मोठा तितकी काच पातळ नि महाग. उणे दीडला १.५० ची साधी काचसुद्धा जाड दिसत नाही, १.५६ घेतली तर झालंच. तुम्हाला १.६७ विकणं म्हणजे फेरीबोटीने पार होतं तिथे क्रूझचं तिकीट काढून देणं. अँटिग्लेअर कोटिंग मात्र घ्या, ते उगाचचं नाही, साध्या काचेची एकेक बाजू साधारण ४ टक्के उजेड परत फेकते, दोन बाजू मिळून ८ टक्के झाले, कोटिंगने तो जवळपास सगळा आत येतो आणि रात्री समोरच्या गाडीचे दिवे काचेत नाचत नाहीत. ब्लू कट म्हणजे निळा उजेड अडवणारी काच, त्यासाठी वेगळे पैसे मागत असतील तर देऊ नका. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने, जी वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासते, १७ चाचण्यांचा आढावा घेतला तेव्हा स्क्रीनसमोरचा डोळ्यांचा थकवा ब्लू कटने साध्या काचेपेक्षा कमी होतो असं काही हाताला लागलं नाही. फुकट घालून देत असतील तर राहू दे, थोडी पिवळट झाक येते इतकंच. आणि हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या काचा नि फ्रेमांवर जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, बिलात बघून घ्या, जुनाच आकडा टाईप करणारे अजून सापडतात.

मग दुकान ओळखायचं कसं? आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा, म्हापशाला जाणार असाल तर शुक्रवारी मुळीच नको, बाजाराच्या गर्दीत आमचा मालकसुद्धा पाच मिनिटांत नंबर काढायचा. आत गेल्यावर त्याने पहिल्यांदा तुमचा जुना चष्मा मागून घेऊन लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर, लावला तर चांगली खूण, जुना नंबर माहीत नसताना नवा काढणारा अंदाजाने चाललेला असतो. मशीनमध्ये बघायला लावतात, आत ते फुग्याचं किंवा घराचं चित्र असतं, तिथे नंबर 'निघत' नाही, तिथून सुरुवात होते, पुढे ट्रायल फ्रेम डोळ्यावर चढवून काचा बदलत "हे बरं की ते बरं" विचारायलाच हवं. मग ती ट्रायल फ्रेम तशीच घालून तुम्हाला दारापर्यंत चालू देतो का, समोरच्या बोर्डावरची अक्षरं वाचायला लावतो का, तुम्ही काय काम करता, वह्या मांडीवर तपासता की टेबलावर हे विचारतो का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पीडी मोजतो का, म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर, तेही प्रत्येक डोळ्याचं नाकाच्या मधोमधपासून वेगळं. प्रोग्रेसिव्ह करणार असाल तर निवडलेली फ्रेम तुमच्या नाकावर बसवून, तुम्ही सरळ समोर बघत असताना त्याने स्केचपेनने काचेवर बुबुळासमोर ठिपका मारायला हवा. ठिपका नाही मारला तर उठून या, फ्रेम कितीही आवडलेली असू दे.

हे सगळं एसी दुकानात होतं तसं पंख्याच्या दुकानातही होतं, आणि दोन्हीकडे होत नाही असंही असतं. मी स्वतःच गुन्हेगार आहे. फार वर्षांपूर्वी पेडण्याहून एक पोस्टमन आमच्याकडे तीन वेळा बसने आले, दर वेळी म्हणायचे जमीन एका बाजूने वर आल्यासारखी वाटते, पायरी चुकते, आणि आम्ही दर वेळी तेच, सवय होईल हो. तिसऱ्या खेपेला मालकांनी काच काढून मोजली तर नंबर बरोबर, पण सिलिंडरचा, म्हणजे तिरक्या नंबराचा, ॲक्सिस (तो बसवायचा कोन) ९० च्या जागी ८०. घासणारा मी. दहा अंश चुकले की सिलिंडरच्या नंबराचा साधारण एक तृतीयांश फायदा तिथेच जातो. नवीन काच माझ्या पगारातून कापली गेली, बरोबरच होतं. म्हणून मी लोकांना सांगतो, दुकान असं निवडा की तक्रार घेऊन दोन-तीन फेऱ्या मारता येतील. पणजीचं एखादं दुकान हजार रुपयांनी स्वस्त असेल पण फोंड्याहून तीन फेऱ्या, अर्धा-अर्धा दिवस रजा, कदंब बसची तिकिटं, ते हजार कुठे गेले ते कळणारही नाही.

आता तुमचं. तुम्हाला एक फुकटातली गोष्ट कुणी सांगितली नाही. उणे दीडवाल्याला चष्म्याशिवाय साधारण ६५ सेंटीमीटरपर्यंतचं स्वच्छ दिसतं, म्हणजे चष्मा कपाळावर ढकलून वह्या तपासणं ही काही तुमची वाईट खोड नाही, ती तुमची सोय आहे! घरी बसून तपासायच्या असतील तर लांबच्याच नंबरचा साधा चष्मा अँटिग्लेअरसकट करा आणि वह्यांना काढून ठेवा, सगळ्यात स्वस्त पडेल. हा चष्मा ऑनलाइन मागवला तरी चालेल, नंबर लहान आहे, फक्त पीडी कुणाकडून तरी मोजून घ्या. वर्गात मात्र एकदा फळा, एकदा पुस्तक, एकदा मागच्या बाकावरचा कुजबुजणारा, तिथे चढवणं-काढणं नको होतं, मग बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह. चव्वेचाळीसला ॲड, म्हणजे जवळचं वाचायला वर मिळवायचा नंबर, लहान असतो, म्हणून प्रोग्रेसिव्हची सवय आत्ता लवकर होते, साठीत पहिल्यांदा घालणाऱ्याला जड जाते. पण साधं, बेसिक प्रोग्रेसिव्ह घ्या, ते ऑनलाइन नको, ठिपका फोनवरून मारता येत नाही. घराजवळच्या त्या दुकानदारांनाच विचारा, प्रोग्रेसिव्ह करता का, कितीत, नाही जमलं तर काच बदलून देता का. माझा अंदाज आहे साडेनऊच्या अर्ध्यात काम व्हावं.

सासऱ्यांना घेऊन चष्म्याच्या दुकानात आधी जाऊच नका. डायबिटीसवाल्याच्या डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा थेंब घालून डोळ्यांच्या डॉक्टरने बघायलाच हवा, ते दुकानातल्या फुकट तपासणीत होत नाही. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) डोळ्यांची ओपीडी आहे, फोंड्याच्या सरकारी हॉस्पिटलातही विचारा. थेंब घातल्यावर चार-पाच तास उजेड सहन होत नाही, जवळचं दिसत नाही, त्यांना स्कूटरवर एकटं पाठवू नका. दुसरं, साखर वरखाली होत असेल तर नंबरही वरखाली होतो, साखर काही आठवडे स्थिर राहिल्यावरच नंबर काढा नाहीतर दिवाळीला चष्मा परत चुकीचा. आणि मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन ठरलं, तर महाग काच आत्ता घालू नका, ऑपरेशननंतर महिना-दीड महिन्याने नंबर अगदीच वेगळा येतो. तोवर जुन्याच फ्रेमीत साधी काच घालून घ्या.

प्रश्न: काका, मी मडगावचा, २४ वर्षांचा, दिवसभर लॅपटॉप. दोन्ही डोळे उणे साडेसहा, पीडी ६२. एक मोठी चौकोनी फ्रेम आवडलीय, आत ५५-१८-१४५ लिहिलंय. ऑनलाइन १.७४ ची काच घालून मागवली तर बाटलीच्या बुडासारखी दिसणार नाही ना? बजेट टाईट आहे पण दिसायला बरं हवं. स्कूटरवर हेल्मेट असतं.

उत्तर: अरे बाबा, तू फ्रेमीच्या आतले आकडे वाचलेस म्हणजे निम्मं काम केलंस, फक्त त्यांचा हिशेब राहिला. ५५ ही एका काचेची रुंदी, १८ मधला पूल, बेरीज ७३. तुझा पीडी ६२. म्हणजे तुझी बुबुळं त्या फ्रेमीच्या काचांच्या मध्यावर नाहीतच, दोन्हीकडे साडेपाच मिलिमीटर नाकाकडे आहेत, म्हणून काचेचा मध्य आत सरकवून घासावा लागणार आणि कानाकडची कड जाड राहणार. उणे नंबरची काच मध्ये पातळ नि कडेला जाड असते हे तर तुला माहीतच असेल. मी कागदावर मांडून बघितलं, तुझ्या मोठ्या फ्रेमीत १.७४ ची कड ६ मिलिमीटरच्या आसपास येते. त्याच्या जागी ४६-२० ची छोटी, जरा गोलसर फ्रेम घेतलीस तर १.६० ची काच घालूनसुद्धा कड साडेचारच्या आसपास. म्हणजे निम्म्या पैशात जास्त पातळ, फ्रेम बदलल्यामुळे, काचेमुळे नाही. हे काउंटरवर सहसा कुणी सांगत नाही कारण १.७४ विकली की त्याचं कमिशन चांगलं. वर जाड शेल (प्लास्टिकची) फ्रेम घेतलीस तर उरलेली कड तिच्यात लपते, पण हेल्मेटमध्ये जाड दांड्या कानामागे दाबतात, टीआर-९० सारख्या लवचिक प्लास्टिकची हलकी, सरळ दांडीची बघ. दुकानात हेल्मेट घेऊनच जा, लोक हसले तर हसू देत.

रिमलेस नको, साडेसहाची कड उघड्यावर पडते आणि भोक पाडलेल्या जागी काच तडकते.

ऑनलाइनचं म्हणशील तर तुझ्या नंबराला मी नको म्हणेन, निदान पहिल्यांदा. काचेचा मध्य बुबुळापासून जितके सेंटीमीटर चुकला त्याला नंबराने गुण, तितका प्रिझम, म्हणजे चित्र बाजूला सरकवणारा ताण, डोळ्यावर पडतो. ३ मिलिमीटर चुकले तर ०.३ गुणिले ६.५, जवळपास २. दीड नंबरवाल्याला तीच चूक अर्धासुद्धा येत नाही, त्याला कळतही नाही, तुला संध्याकाळपर्यंत कपाळ धरून बसावं लागेल. फोनच्या कॅमेऱ्याने मोजलेला पीडी दोन-तीन मिलिमीटर सहज चुकतो. एकदा नीट मापून, बिलावर पीडी लिहून घेऊन दुकानातून कर, दुसरा स्पेअर पाहिजे तर मग ऑनलाइन मागव. आणि चष्मा नाकावरून खाली घसरू देऊ नकोस, मोठ्या उणे नंबरला तो घसरला की नंबर कमी झाल्यासारखा होतो, मग लोक उगाच नंबर वाढवून घेतात.

वर्षातून एकदा पडदाही दाखव. मोठ्या उणे नंबरवाल्यांचा पडदा ताणलेला असतो, अचानक वीज चमकल्यासारखं किंवा काळे ठिपके खूप दिसायला लागले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, दुकानात नाही.

प्रश्न: मी डिचोली तालुक्यातला, वय ६३, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. बायफोकल आहे, लांबचा अधिक अर्धा, ॲड अडीच. पुस्तक हातात धरून वाचता येतं, पण पेटीवर वही ठेवली की अभंगाच्या ओळी धूसर, खालच्या काचेतून बघायला मान वर करावी लागते, सप्ताहात तास-दोन तास तसं बसल्यावर मान आखडते. दुकानदार म्हणतो १४ हजारांचं प्रोग्रेसिव्ह घ्या. दुसरं, रात्री परत येताना गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे दिसतात. काय करावं?

उत्तर: बुवा, १४ हजार पेटीच्या नव्या भात्याला ठेवा.

तुमचा खालचा नंबर ४० सेंटीमीटरसाठी काढलेला आहे, हातातल्या पुस्तकासाठी. पेटीवरची वही त्याहून लांब असते. घरी पेटीसमोर नेहमीसारखे बसा आणि नातवाला सांगा डोळ्याच्या कोपऱ्यापासून वहीपर्यंत टेप धर. समजा ६५ सेंटीमीटर आलं, तर १ मीटर भागिले ०.६५, म्हणजे साधारण दीड, इतका ॲड तिथे लागतो, अडीच नाही. तुमच्या लांबच्या अधिक अर्ध्यात दीड मिळवले, अधिक दोन. दोन्ही डोळे सारखे असतील तर फक्त अधिक दोनचा, पूर्ण काचेचा साधा चष्मा, घरात पडलेल्या जुन्या फ्रेमीत, बस्स. मान सरळ. ट्रायल फ्रेममध्ये ते लावून वही त्याच अंतरावर धरून बघा, पाव इकडेतिकडे करावं लागेल, तुमची वही सोबत न्या. समोरच्या गायकाचा चेहरा थोडा अस्पष्ट दिसेल, तुमचे कान आहेत ना! देवळाच्या पायऱ्या उतरताना मात्र तो चष्मा काढून बायफोकल घाला.

प्रोग्रेसिव्ह वाईट नाही, त्यातही मधलं अंतर असतं, पण ते एका अरुंद पट्ट्यात असतं आणि तुमच्या अडीच ॲडला तो पट्टा आणखी अरुंद. एकाच चष्म्याने सगळं हवं असणाऱ्याने तो खर्च करावा.

दिवे फुटतात त्याला अँटिग्लेअरने थोडा फरक पडेल पण त्रेसष्टीला आधी मोतीबिंदू आहे का ते डॉक्टरकडून बघून घ्या. रात्रीच्या गाडीसाठी म्हणून पिवळे गॉगल विकतात ते घेऊ नका, रात्री आधीच उजेड कमी, त्यात आणखी कापायचा कशाला.

प्रश्न: काणकोणहून लिहितेय. प्रोग्रेसिव्ह करून २४ दिवस झाले, बाजूला बघितलं की चक्कर, जिना उतरताना भीती. दुकानदार म्हणतो सवय होईल. मला वाटतं काचच दुसरी घातलीय, कंपनीचे पैसे घेऊन. कसं ओळखू?

उत्तर: बाय, सवयीला आठवडा लागतो, फार तर दोन. चोवीस दिवस म्हणजे काहीतरी चुकलंय.

काच ओळखायची एक युक्ती आहे. चष्मा पुसून कोरडा करा, उजेडाकडे तिरका धरा आणि काचेवर तोंडाची वाफ सोडा. प्रोग्रेसिव्ह काचेवर लेझरने कोरलेल्या अगदी बारीक खुणा असतात, दोन गोल किंवा चिन्हं, एकमेकांपासून ३४ मिलिमीटरवर, वाफ बसते तेव्हा दिसतात. कानाकडच्या खुणेखाली ॲडचा आकडा असतो आणि नाकाकडच्या खुणेखाली बहुतेक कंपन्या आपलं चिन्ह कोरतात. काचेसोबत मिळालेल्या कार्डवर लिहिलेल्या कंपनीशी नि कागदावरच्या ॲडशी जुळवून बघा. त्याच दोन खुणांवरून दुकानदाराला मूळ ठिपके परत काढता येतात. चष्मा घालून आरशात बघा, दोन्ही बुबुळं त्या ठिकाणी एका रेषेत येतात का. एक वर एक खाली असेल तर ठिपका चुकला किंवा मारलाच नाही.

पण त्याआधी फ्रेम वाकली नाहीये ना तेही बघून घ्या. निम्म्या तक्रारी मी काच न बदलता नुसती दांडी गरम करून, नोजपॅड दोन मिलिमीटर आवळून मिटवल्या आहेत. फ्रेम चेहऱ्याच्या जवळ आली नि तिची खालची कड किंचित गालाकडे कलली की खालचा भाग मोठा मिळतो.

तरीही नाही जमलं तर दुसऱ्या कुठल्याही दुकानात काच लेन्सोमीटरवर लावून नंबर कागदावर लिहून घ्या, पाच मिनिटांचं काम, ओळखीचा असेल तर पैसेही घेत नाही. तो कागद, बिल आणि डॉक्टरची चिठ्ठी घेऊन जा, भांडू नका, "हे जुळत नाही, करून द्या" इतकंच म्हणा, आणि तेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, तारखेसकट. बहुतेक ठिकाणी एवढ्यात काच बदलून मिळते. नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. पुढे ग्राहक आयोगही आहे, पण पक्कं बिल नसेल तर काही धरून बोलता येत नाही. "बिल घेतलंत तर जीएसटी लागेल" म्हणणाऱ्याला माझ्या ओळखीतला कुणी डोळे दाखवत नाही.

प्रश्न: बाजारात दीडशेला रेडिमेड वाचायचा चष्मा मिळतो, तो घेतला तर डोळे बिघडतात का? माझं वय ४८. (म्हापसा)

उत्तर: बिघडत नाहीत. त्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर, सिलिंडर नाही आणि पीडी कुणाच्या तरी सरासरी चेहऱ्याचा. तुमचे दोन्ही डोळे सारखे नि सिलिंडर नसेल तर स्वयंपाकघरात गॅसचं बिल नि औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचायला एक ठेवा, गाडीत एक ठेवा, हरवला तरी वाईट वाटत नाही. तास-तासभर वाचायला मात्र करून घेतलेलाच बरा. घ्यायचा तर बाजारातच एक परीक्षा करा, चष्मा हातभर लांब धरून त्यातून दुकानाच्या दाराची उभी चौकट बघा आणि चष्मा सावकाश गोल फिरवा. चौकट त्या काचेत तिरकी व्हायला लागली तर काचेत सिलिंडर शिरलाय, म्हणजे साचा खराब, ठेवून द्या. एवढं मात्र बघा, चाळिशीनंतर डोळ्याचं प्रेशर एकदा तपासून घ्यायला हवं आणि रेडिमेड घेणारा डॉक्टरकडे वर्षानुवर्षं जातच नाही, खरा धोका तो.

प्रश्न: मी मांद्र्याला किनाऱ्यावर हॉटेलात काम करतो. मेटलच्या फ्रेमीला नाकाजवळ हिरवं येतं, काचेवरचं कोटिंग सहा महिन्यांत कोळ्याच्या जाळ्यासारखं तडकलं, दुकानदार म्हणतो तुम्हीच खराब केलं. पावसात हेल्मेटमध्ये धुकं होतं ते वेगळंच.

उत्तर: दुकानदार अर्धा खरा आहे. हिरवं येतं ते तांब्याच्या मिश्रधातूला घाम नि खारा वारा लागून, खराब मालच असतो असं नाही, समुद्रावर काम करणाऱ्याने ती फ्रेमच घेऊ नये, टीआर-९० किंवा शेल घ्यावी, पैसे असतील तर टायटॅनियम. असलेल्या फ्रेमीचे नोजपॅड बदलून घ्या, फार खर्च नाही, आणि स्क्रूला महिन्यातून एकदा शिवणयंत्राच्या तेलाचा अर्धा थेंब.

कोटिंग तडकतं ते उष्णतेने. काच तापली की प्लास्टिक फुगतं, कोटिंग तितकं फुगत नाही, म्हणून जाळी पडते. स्कूटरच्या डिकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा किचनमध्ये तव्याच्या बाजूला ठेवत असाल तर सहा महिने टिकलं हेच खूप झालं. गरम पाण्यानेही धुवायचा नाही. ड्यूटी संपली की नळाच्या साध्या पाण्याखाली आधी नुसता धरा म्हणजे मीठ नि वाळू वाहून जाते, मग भांड्याच्या साबणाचा एक थेंब बोटाने, मग मऊ कपडा. वाळू बसलेली काच कोरड्या टीशर्टने पुसणं म्हणजे सँडपेपरच.

धुक्याला तोच साबणाचा थेंब काचेवर अगदी पातळ लावून न धुता मऊ कपड्याने पुसून टाका, दोन-तीन तास चालतं, मडगावच्या एका पायलटने (भाड्याची मोटरसायकल चालवणाऱ्याने) मला शिकवलं होतं, आणि हेल्मेटची वरची खिडकी उघडी ठेवा.